कच्चा करार, गार भट्टी

एक

सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी कारखान्याचं दार ढकललं आणि त्यांना थंडी वाजली.

काचेच्या त्या कारखान्यात आजवर कुणाला थंडी वाजली नव्हती. मधली भट्टी त्यांच्या सासऱ्यांनी पेटवून घेतली, ती तेव्हापासून पेटलेलीच होती. कामगारांना सुट्टी असे, तिला नसे. मालकीणबाई धावत पुढे गेल्या आणि भट्टीच्या तोंडावरची वीट उघड्या हातानं बाजूला केली. एरवी हाताची कातडी गेली असती. त्या दिवशी वीट गार लागली. आत काळोख होता. काचेनं भरलेलं मातीचं मोठं कुंड वरपासून खालपर्यंत चिरलं होतं.

मंगळवारी त्यांनी हे वकीलबाईंना सांगितलं. सांगताना त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि वकीलबाई खोलीभर फिरत होत्या. वकीलबाईंच्या पायाला भिंगरी होती. कोर्टात उभं राहून आयुष्य गेलं, आता बसवत नाही, असं त्या म्हणत. कोर्ट सोडल्यापासून त्या लवाद म्हणून व्यापाऱ्यांची भांडणं मिटवत होत्या.

"विझवली कोणी?"

"भट्टीकाकांनी. सासऱ्यांच्या वेळचे आहेत. ते कबूलच करतात."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"भाऊजींच्या, माझ्या दिरांच्या. तेही कबूल करतात."

"आणि दिरांना कोणी सांगितलं?"

"कंपनीच्या साहेबांनी. फोनवर. तेही नाही म्हणत नाहीत."

वकीलबाई चालता चालता वळल्या.

"सगळेच कबूल करतायत, तर मला कशाला बोलावलंत?"

"सगळे एकच वाक्य सांगतात," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि प्रत्येकजण म्हणतो, चूक माझी नाही."

दोन

कच्चा करार जेमतेम एका पानाचा होता. बाटल्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला हा छोटा कारखाना विकत घ्यायचा होता. किंमत तत्त्वतः मान्य होती, बाकी सगळं बोलून ठरायचं होतं. अंतिम करारावर सह्या होईपर्यंत कोणीही कशालाही बांधील नाही, असं पहिल्याच ओळीत ठळक लिहिलं होतं. बंधनं दोनच होती. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलणी करायची, आणि वाद झालाच तर वकीलबाई देतील तो निर्णय मानायचा.

"म्हणजे तुमचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या.

"काहीच नाही. मी तर विकायचं की नाही अशाच विचारात होते. दिव्यांच्या एका कंपनीनं निळ्या काचेच्या हंड्या मागवल्यात, वर्षभर पुरेल एवढं काम. ते नीट झालं असतं तर विकायची गरजच नव्हती. गेल्या बुधवारी कुंडात निळा माल भरला आणि मी बहिणीच्या ऑपरेशनला गेले. फोन बंद ठेवावा लागला. परत आले तर हे असं."

"नवी भट्टी?"

"बांधायची आमची ऐपत नाही. चूक आमच्या घरातली निघाली तर कारखान्याला कुलूप लागेल. नाहीतर साहेब देतील त्या पडेल भावात विकायचा. कामगारांना काय सांगू, तेच कळत नाही."

दोघी कारखान्याच्या मागच्या खोलीत बोलत होत्या. टेबलावर एक छोटा गॅसचा बर्नर होता. रिकामे हात सहन होत नसावेत. मालकीणबाईंनी तो पेटवला आणि काचेची एक निळी कांडी ज्योतीत धरली. वकीलबाई खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या, तर कांडीचं टोक केशरी झालं होतं, निखाऱ्यासारखं.

"कांडी बदललीत का?"

"नाही हो, तीच आहे." मालकीणबाईंनी ती ज्योतीबाहेर काढली. केशरी गोळा काळवंडला आणि हळूहळू पुन्हा निळा झाला. "साहेबांनाही अशीच गंमत वाटली होती. पहिल्यांदा आले तेव्हा काळा चष्मा न लावताच भट्टीत डोकावले आणि नंतर बराच वेळ डोळे चोळत बसले. 'आत सूर्य ठेवलाय की काय?' म्हणाले. तेव्हापासून चष्म्याशिवाय भट्टीच्या तोंडाशी जात नाहीत."

"माणूस कसा आहे?"

"गोडबोल्या. आमचे कामगार त्यांना गुळगुळीत साहेब म्हणतात. हात लावाल तिथून निसटतात."

तीन

दीर पॅकिंगच्या खोलीत होते. पॅक करायला काही उरलं नव्हतं, तरी ते पुठ्ठ्याची खोकी उभी करत होते आणि पुन्हा मोडून ठेवत होते.

"गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला. मी भट्टीजवळच उभा होतो. ते म्हणाले, ठरलं तर भट्टी विझवा."

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, बरं. त्यांनी फोन ठेवला."

"ठरलं का, असं तुम्ही विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं? तेच सांगत होते ना, ठरलं म्हणून!"

"कशावरून?"

"अहो, 'ठरलं तर' म्हणाले ते!"

वकीलबाई खोक्यांच्या रांगेमधून चालू लागल्या. "भाऊसाहेब, मी दोन वाक्यं बोलते. पाहुणे आले तर दार उघडा. या वाक्यात पाहुणे आलेत का?"

"नाही. आले तर."

"आता तुम्ही दारात उभे आहात आणि मी म्हणते, आलात तर!"

"म्हणजे मी आलोय."

"शब्द तेच. 'तर' तोच."

दिरांच्या हातातलं खोकं अर्धवट मोडलेलं तसंच राहिलं.

"ते कुठल्या सुरात म्हणाले?" वकीलबाईंनी विचारलं.

"भट्टीच्या आवाजात सूर कुठला कळतोय! आमच्याकडे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही." ते खाली बघत म्हणाले. "मला दुसरा अर्थ सुचलाच नाही, देवाशप्पथ."

"वहिनींना फोन केलात?"

"लावला होता. बंद होता."

"परत लावलात?"

दीर खोकं बाजूला ठेवून म्हणाले, "नाही लावला. लागला असता तर वहिनी थांबा म्हणाल्या असत्या. मला थांबायचं नव्हतं. माझी मुलगी कधीची म्हणतेय, बाबा, विका आणि माझ्याकडे राहायला या. साहेबांनी तोंड उघडलं आणि मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं."

ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच वकीलबाईंची पंचाईत झाली. दिरांनी आपल्या मनानंच गैरसमज करून घेतला असेल, तर नुकसान घरचंच होतं आणि साहेब मोकळे होते.

चार

भट्टीकाका गार भट्टीच्या कट्ट्यावर बसले होते. त्या कट्ट्यावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि ते त्यांना आवडलेलं दिसत नव्हतं.

"बसा," ते म्हणाले.

"मी बसत नाही."

"मग मीही उठतो." ते उठले. आता दोघंही भट्टीभोवती फिरू लागले.

"तुम्हाला काय सांगण्यात आलं?"

"भाऊसाहेबांनी लांबून ओरडून सांगितलं, ठरलं तर भट्टी विझवा. मी म्हटलं, बरं."

"वाईट नाही वाटलं?"

"मला वाईट वाटेल का, हे कोणी विचारलं होतं?"

"काका, लोक म्हणतात, तुम्ही मुद्दाम केलंत. तुम्हाला घरी बसायचं होतं. काच उपसून काढली असती तर कुंड वाचलं असतं. तुम्ही ती आतच ठेवलीत."

काका थांबले. त्यांच्या भुवया कधीच जळून गेल्या होत्या, त्यामुळे रागावले की नाही ते चेहऱ्यावरून कळत नसे. आवाजावरून कळलं.

"नवीन मालक इथे दुकान करणार, भट्टीवर हातोडा घालणार, हे साहेबांनीच आम्हाला रंगवून सांगितलं होतं. हातोड्याखाली जायचं कुंड मी कोणासाठी उपसू? जेवणाऱ्यानं पाठ फिरवली की ताट कोण सजवतं?"

"बरं. आच कशी उतरवलीत?"

"गुरुवारी संध्याकाळपासून थोडी थोडी. शुक्रवारी गॅस पुरता बंद केला आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. सोमवारी सूनबाईंचा फोन आला तेव्हाच उठलो."

"शुक्रवारी गॅस बंद केला, तेव्हाच कुंड गेलं?"

"छे! भट्टी काय फुंकर मारून विझते? शनिवारी दिवसभर आत धग होती. शनिवारी कोणी सांगितलं असतं, काका, घोळ झालाय, तर मी पळत येऊन आच चढवली असती. कुंड वाचलं असतं. रविवारी ती पुरती गारठली. काच आकसते, कुंडाला आवळते आणि मग दोघंही जातात."

"शनिवारी इथे कोणी नव्हतं?"

"कोण असणार? भाऊसाहेबांनी सगळ्यांना रजा दिली होती." काका एकदम थांबले. "पहारेकरी म्हणत होता, साहेब येऊन गेले."

पाच

कंपनीच्या कार्यालयात भिंती काचेच्या होत्या आणि खुर्च्या गरागरा फिरणाऱ्या. साहेबांनी स्वतः उठून वकीलबाईंना खुर्ची दिली. वकीलबाईंनी त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली आणि त्या भिंतीच्या कडेनं चालू लागल्या. साहेबांची खुर्ची त्यांच्या मागोमाग फिरत राहिली.

"मी म्हणालो ना ते वाक्य. नाकारतोय कुठे?" साहेब हसून म्हणाले. "ठरलं, तर भट्टी विझवा. स्वच्छ अट आहे. ठरलंच नव्हतं, तर विझवायचा प्रश्न येतोच कुठे? सह्या झालेल्या नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या दिरांना मराठी मी शिकवायचं का?"

"अट पुरी झाली की नाही, ते कोण सांगणार होतं?"

"मीच. आणि मी काही सांगितलं नाही. झालं तर मग तुमचं कोडं सुटलं!"

"भट्टी विझतेय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी. बाईंचा रडत फोन आला तेव्हा. फार वाईट वाटलं."

"शनिवारी तुम्ही तिथे गेला होतात."

ते जरासुद्धा चपापले नाहीत. "गेलो होतो की! साचे पाहायचे होते. पहारेकऱ्यानं दार उघडून दिलं. म्हणून तर मी ठामपणे सांगू शकतो. हॉलमध्ये चांगली धग होती, कोट काढावा लागला. भट्टीतही डोकावलो. कुंड काठोकाठ भरलेलं, काय सुरेख निळी काच होती! बघतच राहिलो. सगळं व्यवस्थित चालू आहे, असं समजून परत आलो. वकीलबाई, एका 'तर'वरून माझ्या डोक्यावर खापर फोडणार तुम्ही?"

वकीलबाई दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी परत येऊन खुर्चीवरची पिशवी उचलली.

"उद्या सकाळी कारखान्यात या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर निर्णय सांगते."

"माझ्या बाजूनंच ना?" साहेबांनी थट्टेनं विचारलं.

"तुमच्या बोलण्यावरूनच देणार आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

सहा

दुसऱ्या दिवशी सगळे गार भट्टीभोवती जमले. साहेबांनी कोटाची कॉलर वर केली होती. दीर वहिनींपासून जरा लांब उभे होते. पहारेकरी दारातच थांबला होता.

"'ठरलं तर' या शब्दांचा अर्थ काय, याचा निकाल मी देणार नाही," वकीलबाईंनी चालता चालता सुरुवात केली. "साहेबांना अट घालायची होती की हुकूम द्यायचा होता, ते त्यांचं मन जाणे. दिरांनी घेतला तो अर्थही चुकीचा म्हणता येत नाही. आपल्या भाषेत दोन्ही बसतात."

साहेबांनी मान डोलावली. मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"गुरुवारचं जाऊ द्या. मला शनिवारबद्दल विचारायचंय. साहेब, शनिवारी भट्टी चालू होती, असं तुम्हाला वाटलं. कशावरून?"

"सांगितलं ना, डोकावलो होतो. निळी काच पाहिली."

"काळा चष्मा लावला होतात?"

"नाही. म्हणजे... आठवत नाही."

"लावला असता तर निळं दिसलं नसतं. चष्मा नसता आणि भट्टी चालू असती, तर तुम्ही पहिल्या वेळेसारखे डोळे चोळत बसला असतात. मालकीणबाई, चालू भट्टीत निळी काच कशी दिसते?"

"निळी दिसतच नाही," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "तापलेली काच कुठल्याही रंगाची असो, आत नुसती आग दिसते. निळेपण येतं ते गार व्हायला लागल्यावर!"

"बाईसाहेब, हे फारच झालं," साहेब म्हणाले. "ऑर्डर निळ्या हंड्यांची होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलण्याच्या ओघात निळी म्हणालो असेन. नसेल नीट पाहिली."

"असू शकतं," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणून आज सकाळी मी पहारेकऱ्याला एकच गोष्ट विचारली. तुम्हीच सांगा हो, साहेब भट्टीत डोकावले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?"

पहारेकरी बावरला. "मोबाइल होता, बाई. दिवा लावलेला. आत धरून बघत होते. बराच वेळ बघत होते."

वकीलबाई साहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच एका जागी उभ्या होत्या.

"जळत्या भट्टीत बघायला कोणी दिवा लावत नाही, साहेब. आत काळोख होता म्हणून तुम्हाला दिवा लागला. भट्टी विझतेय, हे तुम्ही शनिवारी पाहिलंत. तुमच्या वाक्याचा यांनी कोणता अर्थ घेतलाय, तेही तुम्हाला त्याच क्षणी कळलं. सह्या झालेल्या नाहीत, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. एक फोन केला असतात तर काकांनी आच चढवली असती आणि कुंड वाचलं असतं. तुम्ही दिवा बंद केलात, दार ओढून घेतलंत आणि ती गार व्हायची वाट पाहिलीत. भट्टी मेली की निळ्या हंड्यांचं काम जाणार, आणि मग बाई कुठल्याही भावाला हो म्हणणार."

साहेबांनी खिशातून तो एका पानाचा कागद काढला.

"पहिली ओळ वाचा. कोणीही कशालाही बांधील नाही."

"विकत घ्यायला बांधील नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते मला मान्य आहे. बाईंना विक्रीची किंमत मी तुमच्याकडून देववणार नाही, कारण विक्री ठरलीच नव्हती. उद्या तुम्ही बोलणी मोडून गेलात तरी मी अडवणार नाही. पण प्रामाणिकपणे बोलणी करू, असंही तुम्हीच लिहून दिलंय. आपल्या शब्दावर विसंबून समोरचा माणूस स्वतःचं घर मोडतोय, हे डोळ्यांनी दिसत असताना गप्प बसायची मुभा कच्चा करार देत नाही. गुरुवारी झाला तो गैरसमज. शनिवारी झाली ती लबाडी. भट्टी जशी होती तशी उभी करून द्यायची, आणि हंड्यांना होणाऱ्या उशिराचा भारही उचलायचा. कंपनीनं. हा माझा निर्णय."

सात

साहेब फोन घेऊन अंगणात गेले. बराच वेळ त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. परत आले तेव्हा चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला होता.

"वर बोललो," ते मालकीणबाईंना म्हणाले. "भट्टी बांधा, वाट पाहा, कोणी सांगितलाय हा व्याप? कारखानाच घेतो आम्ही. ठरलेल्या किमतीला, एक पैसा कमी नाही. अंतिम करार आजच. सगळेच मोकळे होऊ."

दिरांनी मान वर केली. मुलीचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. पण ते वहिनींजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, वहिनी. मी एकदा ठरवून बसलो होतो, ते पुरे झालं."

मालकीणबाईंनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई पुन्हा फिरू लागल्या होत्या. "हे माझ्या कक्षेत येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विकायला बांधील नाही आणि न विकायलाही नाही."

"दिवेवाल्यांशी सकाळी बोलले मी," मालकीणबाई म्हणाल्या. "ते थांबायला तयार आहेत. पण भट्टी कधी पेटणार, ते आज सांगा म्हणाले." त्या भट्टीकाकांकडे वळल्या. "काका, कंपनी विटा आणून देईल, कुंड आणून देईल. पण पेटवायची कशी, आच कशी चढवायची, हे इथे कोणालाच येत नाही. ती पेटली तेव्हा आमच्यातलं कोणीही नव्हतं. तुम्ही असाल तर मी दिवेवाल्यांना हो म्हणते. नसाल तर साहेबांच्या कागदावर सही करते. तुमचं वय झालंय, मी आग्रह करणार नाही."

काका भट्टीच्या तोंडाशी गेले, आत वाकले आणि चिरलेल्या कुंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दिरांना म्हणाले, "भाऊसाहेब, हातोडा आणा. आधी हे बाहेर काढावं लागेल. तुम्हीच फोडा, हात मोकळे होतील."

दीर पळतच गेले.

"म्हणजे याल ना, काका?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पेटवायला येईन, सूनबाई," काका बाह्या वर सारत म्हणाले. "विझवायला दुसरा कोणी बघा."